मावशीनं शिवलेलं पार्सल

विमानतळावर कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवताना बहुतेक लोक कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. हात पसरून उभा राहतो, समोरचा जवान अंगावरून यंत्र फिरवतो, आणि नेमकी तेव्हाच हर्णेची ती घटना आठवून मला हसू येतं. "अहो, हसू नका, त्याला संशय येईल," असं बायको मागून दटावते. तिचंही बरोबर आहे. पोलीस खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठं हसू नये एवढं कळायला हवं.

घटना दोन हजार सालच्या मे महिन्यातली. तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी उपनिरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती होऊन एकेक पायरी चढत तिथवर आलेला, मूळचा देशावरचा गडी. कोकणातली माणसं वाक्याच्या शेवटी असा हेल काढतात, की समोरचा माहिती देतोय की आपल्यालाच विचारतोय हे कळायला मला सहा महिने लागले होते. एकदा कळलं आणि मग मात्र त्या माणसांनी मला जो लळा लावला, तो आजतागायत. यात कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती आपली आहे हे बरोबर कळेल.

त्याआधीच्या डिसेंबरात आपलं एक विमान पळवून नेलं होतं आणि देशभर विमानतळांवरची तपासणी कडक झाली होती. शिवाय त्र्याण्णवच्या स्फोटांनंतर मुंबईच्या पोलिसांची कोकण किनाऱ्याकडे बघण्याची नजरच बदलली होती. बंदरावरच्या माणसानं पिशवी उचलली तरी त्यांना वजन विचारावंसं वाटे.

त्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी डायरी बघत होतो, तर ठाणे अंमलदार टेलिफोनवर ताठ उभा राहून बोलू लागला. तो ताठ झाला की फोन वरून आहे हे ओळखायचं. मुंबईहून निरोप होता. आमच्या हद्दीतला, हर्णेचा एक तिशीचा माणूस आखातात नोकरीवर परत निघाला असताना विमानतळावर ताब्यात घेतलाय. त्याच्या सामानात स्फोटकासारखी वस्तू दिसली. मुंबईचं पथक त्याला घेऊन घरझडतीसाठी निघालंय, दुपारपर्यंत पोचेल. तोवर त्याची सगळी माहिती तयार ठेवा.

नाव ऐकलं आणि मी पासपोर्टच्या पडताळणीचं रजिस्टर काढायला लावलं. वर्षभरापूर्वीची नोंद सापडली. 'चालचलणूक चांगली, प्रतिकूल काही नाही.' खाली सही माझी. आता खरं सांगतो, मी त्या माणसाला कधी पाहिलंच नव्हतं. हवालदारांनी गावात जाऊन चौकशी केली, कागद तयार केला, आणि मी इतर तीस कागदांबरोबर त्यावर सही ठोकली. पडताळणी अशीच चालायची. पण त्या सकाळी ती सही माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

हवालदार आमचे त्याच भागातले. ते म्हणाले, "साहेब, तांडेलाचा मुलगा तो. बापूस होडीवर तांडेल होता, आता थकला. पोरगा सरळ आहे. मुंगी मारायची तरी चार जणांना विचारील."

तांडेल म्हणजे मच्छीमार नौकेचा प्रमुख. त्याच्या शब्दावर होडी चालते. अशा घरातला पोरगा विमानात बाँब नेईल, हे हवालदारांना पटत नव्हतं. मला मात्र पटणं न पटणं परवडणारं नव्हतं. सरळ माणसांनी काय काय केलेलं असतं, ते पोलिसाइतकं कुणाला ठाऊक?

दीडच्या सुमारास जीप आली. मुंबईचे निरीक्षक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, डोळ्यांत झोप नाही, आवाज तुटक. पण माणूस कामाचा. त्यांनी आधी तांडेलाच्या मुलाला पाणी द्यायला सांगितलं, मग स्वतः प्यायले. ही गोष्ट मी लगेच मनात टिपून ठेवली.

मग त्यांनी हकिगत सांगितली. तांडेलाच्या मुलाची बॅग यंत्रातून गेली तेव्हा पडद्यावर नारिंगी रंगाच्या जाड वड्या एकावर एक रचलेल्या दिसल्या. खाण्याचे पदार्थ आणि स्फोटकं, दोन्ही त्या पडद्यावर नारिंगीच दिसतात. धातू दिसतो निळा. वड्यांच्या मधोमध निळ्या रंगात दोन मोठे सेल, त्यांना जोडलेली तार, आणि ती तार एका डबीत गेलेली. पडद्यासमोरच्या मुलीनं पट्टा थांबवला. बाँबशोधक पथकानं बॅग उघडली. आत शिवलेली कापडी पिशवी. ती फाडली, तर आंब्याची साठं, म्हणजे कोकणातली जाड आंबापोळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मध्ये तळहाताएवढा टेपरेकॉर्डर. त्याची सेल ठेवायची जागा तुटलेली, म्हणून बाहेरून टॉर्चचे सेल सायकलच्या ट्यूबनं बांधून तारेनं जोडलेले.

"म्हणजे बाँब नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता. पण दिसायला तंतोतंत बाँब होता," निरीक्षक म्हणाले. "आमच्या वरिष्ठांना शंका आहे की ही रंगीत तालीम आहे. असलं खोटं पार्सल पाठवायचं, मशीन पकडतं का बघायचं. नाही पकडलं, तर पुढच्या वेळी खरं पाठवायचं. ह्याला काउंटरवर विचारलं, बॅग तूच भरलीस का, कुणी काही दिलंय का. हा म्हणाला, सगळं माझं, मीच भरलं. आणि पार्सलच्या आत काय होतं ते ह्याला सांगता येत नाही!"

शंका रास्त होती. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तीच आली असती. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर अटक दाखवायची, असं वरून ठरलं होतं. आणि तांडेलाच्या मुलाचा परत जाण्याचा परवाना चार दिवसांत संपत होता. अटक झाली असती तर पुढे तो सुटला असता, पण ती नोकरी, तो पासपोर्ट आणि गावातलं नाव, यातलं काही परत मिळालं नसतं. आमच्या धंद्यात निर्दोष सुटलेल्या माणसालाही लोक 'तो हो, सुटलेला' असंच म्हणतात.

त्याला समोर बसवलं. अंगानं दणकट, पण खुर्चीच्या कडेवर टेकलेला.

"पार्सल कुणाचं?" निरीक्षकांनी विचारलं.

"माजाच हाय, साब."

"आत काय होतं?"

"खायाचा होता."

"काय खायचं?"

"खायाचाच, साब."

"टेपरेकॉर्डर कशाला? तार कुणी जोडली?"

"माजाच हाय, साब. सगला माजाच."

तासभर हेच. खोटं बोलणारा गुन्हेगार सहसा जास्त बोलतो. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं लावतो, आणि आपण फक्त ऐकत राहायचं असतं. हा टेकूच लावत नव्हता. शिवाय पकडलेला माणूस दाराकडे बघतो, नाहीतर विचारणाऱ्याच्या हाताकडे. हा बघत होता टेबलावरच्या त्या फाडलेल्या कापडी पिशवीकडे.

शेवटी निरीक्षक झडतीला निघण्यासाठी उठले, तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "साब, मना मारा, कुटं टाकायचा तिकडं टाका, पन गाडी आमच्या वाटेला नको नेऊ!"

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, घरात काहीतरी दडवलंय. मला वाटलं, कुणालातरी दडवतोय. या दोन्हींत फार फरक असतो.

मी ती पिशवी हातात घेतली. जाड मांजरपाटाची. पथकानं एक बाजू कापली होती, दुसरी शिवण शाबूत होती. शिवण शिंप्याची नव्हती. जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची होती. दर चार बोटांवर दुहेरी वेढ्याची गाठ, आणि गाठीचं टोक विस्तवानं वितळवून केलेला बारीक मणी. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून टोक असं जाळतात. पण बहुतेक जण एक वेढा घेऊन टोक कसंतरी काळं करून सोडतात. इथं मणी न् मणी सारखा. हे काम मी कुठंतरी पाहिलं होतं, आणि कुठं ते आठवेना.

आठवेना म्हणून खिडकीबाहेर बघितलं. आवारात आमचं व्हॉलीबॉलचं जाळं बांधलेलं होतं. दिवाळीत कुणा पहिलवानानं त्यावर अंग टाकून ते फाडलं होतं, आणि हवालदारांनी ते हर्णेहून दुरुस्त करून आणलं होतं. मी पिशवी हातात घेऊनच बाहेर गेलो. जाळ्याच्या मधल्या भागात दुहेरी वेढ्याच्या गाठी, आणि प्रत्येक गाठीला तोच मणी. सहा महिने मी रोज संध्याकाळी त्या गाठींवरून चेंडू मारत होतो.

"हवालदार, हे जाळं कुणी सांधलं?"

"बंदराजवळच्या मावशीनं. विधवा बाई आहे. नवरा होता तोवर मासळी विकायची, आता जाळी सांधते. तिचा एकुलता एक मुलगा आखातात आहे." एवढं बोलून हवालदार थांबले. त्यांच्याही डोक्यात उजेड पडला होता. "साहेब, तांडेलाच्या घराला लागूनच तिचं घर."

मी निरीक्षकांकडे दोन तास मागितले. ते म्हणाले, "दोन तास. मग मी गाडी नेणार." मी साधा शर्ट चढवला, हवालदारांची मोटारसायकल घेतली, पंचनाम्यातली वस्तूंची यादी खिशात घातली आणि निघालो.

मावशी ओटीवर बसून जाळं सांधत होती. हंगाम संपत आलेला, होड्या ओढायचे दिवस जवळ, त्यामुळे समोर जाळ्यांचा ढीग. साठीची, काटक, तोंडात मिश्री. मी म्हणालो, "मावशी, ठाण्याचं नेट पुन्हा फाटलंय हो."

तिनं मान वर केली. "नेटासाटी मोटा सायब येतो व्हय? काय झाला ता सांगा. माज्या झिलाचा काय वायट झाला?"

चूक माझीच. परगावी मुलगा असलेल्या आईच्या दारात पोलीस गेला की तिला दुसरं काय सुचणार? मी घाईनं सांगितलं की मुलगा सुखरूप आहे, फक्त त्याला पाठवलेल्या पार्सलची चौकशी आहे. तिचा हात छातीवर गेला, आणि मग लगेच कपाळाला आठी पडली.

"तांडेलाच्या पोरानं हरवला काय?"

"नाही. आत काय काय घातलं होतं ते मला सांगा. एकही गोष्ट सोडू नका."

तिनं बोटांवर मोजत सांगितलं. साठाच्या नऊ वड्या. वर्तमानपत्राचा कागद. मुलानंच मागच्या खेपेला आणून दिलेला टेपरेकॉर्डर. "मना लिवता येत न्हाय, सायब. फोनवर बोलाया लागला की दोन मिंटात त्याचा कारड संपतो. म्हणून तो बोलला, आये, ह्यात बोल नि धाड, मी आयकून परत धाडीन. आता त्याचा सेलाचा खन मोडला, तर मीच टॉरचीचं सेल बांदलं. बापया मानसाची वाट कोन बघतो?"

सगळं यादीशी जुळत होतं. पण यादीत आणखी एक वस्तू होती. मी मुद्दाम गप्प राहिलो. ओळख पटवताना ही रीत आहे, शेवटची वस्तू आपण सांगायची नसते.

"आनि हां," ती म्हणाली, "तलाला जाला विनायची बांबूची सुई घातलीय नि दोऱ्याची गुंडी. म्हंजे तिकडून परत धाडताना त्यानं पिशवी नीट शिवावी. त्याची शिवन म्हंजे नुसती ढगाल."

पंचनाम्यात नववी नोंद: 'एक बांबूची चपटी सुई, सोबत नायलॉन दोरा, प्रयोजन अज्ञात.' मला तिथंच मोठ्यानं हसायचं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं, आणि तांडेलाच्या मुलालाही तेच वाटलं होतं. ती ताडकन उठली. जाळं बाजूला सारलं, आत जाऊन लुगडं बदललं, आणि सुक्या कोलंबीची टोपली घेऊन बाहेर आली. "दापोलीच्या वाटला जायाचाच हाय तर रिकामी कशाला जाऊ?" असं म्हणून मोटारसायकलवर एका बाजूनं बसली. त्या घाटीत टोपलीचा वास नि तिच्या सूचना, दोन्ही माझ्या मानेवर होते.

ठाण्यात पाऊल टाकल्यावर तिनं निरीक्षकांकडे बघितलंही नाही. सरळ तांडेलाच्या मुलासमोर गेली. "जेवलास?"

तो मान खाली घालून रडायला लागला. एवढ्या वेळात पहिल्यांदा.

तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "खोटा कशाला बोललास मेल्या? माजा हाय ता माजा सांगायचास ना!"

"तुज्या दारात पोलिसाची गाडी लागली असती, मावशी," तो म्हणाला. "तुजा जीव आधीच तिकडं टांगलेला. तू धसक्यानं गेली असतीस तर मी त्याला तिकडं जाऊन काय तोंड दाखवला असता?"

"मी दर्याला नवरा दिला, तवा न्हाय मेले. तुज्या गाडीला मरते व्हय?"

निरीक्षक खुर्चीतून उठून उभे राहिले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग रीतसर कामाला लागलो. पिशवी उघडून का पाहिली नाही, याचं उत्तर तांडेलाच्या मुलाच्या जबाबात आलं. त्यांच्या मुसलमान घरात अशी वस्तू म्हणजे अमानत, विश्वासानं सोपवलेली ठेव. शिवून दिलेलं उघडणं म्हणजे देणाऱ्याच्या आब्रूत हात घालणं. गावातून जो कोणी आखातात जातो, तो पाच-सहा घरांची अशी पार्सलं नेतो, हिंदूंची असोत की मुसलमानांची. आणि काउंटरवर विचारलं की 'सगळं माझं' म्हणायचं, हे जुने लोक नव्यांना पढवूनच पाठवतात, उगाच खोळंबा नको म्हणून. त्याला त्यात खोटं बोलतोय असं वाटलंच नव्हतं.

कॅसेटचं तेवढं राहिलं होतं. रेकॉर्डर खोलताना तिची फीत तुटली होती, म्हणून ती पाकिटात सीलबंद होती. निरीक्षकांनी दोन पंच बोलावून सील तोडलं. समोरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं फीत जोडून दिली आणि त्याचाच टेप आणून टेबलावर ठेवला. आधी खरखर. मग मावशीचा आवाज:

"बत्ती पेटली. म्हंजे आयकतोय मेला... तू जेवतोस काय रे? फोटोत गालफडा दिसतात तुजी. साठ धाडलाय, एकटा खाव नको. आर्दा तांडेलाच्या पोराला दे. त्याला पोटभर जेवाय घाल, त्याच्या आवशीनं काय दिला नसला तरी घाल. तो माज्या पोटचा न्हाय, पन माजाच हाय..."

"बंद करा ता!" मावशी पदर तोंडाला लावून ओरडली. शरमेनं तिचे कान लाल झाले होते. टेप बंद करायला कुणाचाच हात पुढे जात नव्हता. तांडेलाचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि मी डायरीत काहीतरी लिहीत असल्याचं नाटक करत होतो.

निरीक्षकांनी मुंबईला फोन लावला. बराच वेळ बोलले. मावशीच्या जबाबावर अंगठा घेतला, मी साक्षीला सही केली. ही सही मात्र डोळे उघडे ठेवून केली. संध्याकाळी त्याला सोडलं. तिसऱ्या दिवशी तो विमानात बसला, मुदतीच्या एक दिवस आधी. मावशीची साठं तपासणीत कापली गेली होती, म्हणून तिनं नवीन दिली.

निघताना निरीक्षक जीपजवळ थांबले. मावशी त्यांना म्हणाली, "तुमची मशीन येडी हाय, सायब. आंबा नि बाँब वलकत न्हाय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, मशीननं तिचं काम केलं. तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. तुमचं पोरगं मात्र जे होतं ते सांगत नव्हतं. आणि एक सांगा, तुम्ही शिवलेली पिशवी हा न बघता नेतो. उद्या तुमच्याच दोऱ्यानं दुसऱ्या कुणी शिवून दिली, तर? हा नेईलच ना?"

मावशीनं टोपली पुढे ओढली. टोपलीतल्या सुक्या कोलंबीचं एक पुडकं बांधून त्यांच्या हातात दिलं, आधी त्यांनाच उघडून बघायला लावलं, आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत ती तशीच विचारात होती.

मीही त्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. ती तपासणी म्हणजे नुसता देखावा, असं म्हणणारे लोक मला भेटतात. मी त्यांना सांगतो, त्या पडद्यासमोरच्या मुलीसारख्यांच्या जिवावर आपण रात्री निर्धास्त झोपतो. शंभर आंब्यांच्या पिशव्यांनंतर एकशे एकावी तिनं तितक्याच बारकाईनं पाहिली, तपासणीची ताकद तिच्या त्या डोळ्यांत आहे. पण यंत्र वस्तू बघतं. ती कुणाची, कुणी दिली, हे माणसानंच सांगायचं असतं, आणि तिथं आपण सगळे भले लोक सर्रास खोटं बोलतो. 'सगळं माझं, मीच भरलं.' शंभर सज्जन एकच खोटं बोलतात, म्हणून त्यांच्या मागं उभ्या असलेल्या एका दुर्जनाचं खोटं खपून जातं. घातपात करणाऱ्याला लपायला जागा आपल्या चांगुलपणातच सापडते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. हर्णेच्या एका पिशवीनं शिकवलं. त्या दिवसापासून पासपोर्टच्या पडताळणीला मी स्वतः जाऊ लागलो. चहा पुष्कळ प्यावा लागला, पण माणसं बघून सही केली.

मावशीनंही आपला नियम केला. तो मला काही महिन्यांनी हवालदारांकडून कळला. गावातलं कुठलंही आखाताचं पार्सल आता तिच्या ओटीवर शिवलं जाई. देणारा एका बाजूला, नेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये सामान पसरलेलं. नेणाऱ्यानं प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायची, मगच ती सुई उचलणार. आणि काउंटरवर विचारलं की कुणाकुणाचं काय आहे ते घडाघडा सांगायचं. सुरुवातीला काही बायका रुसल्या. अमानतीवर विश्वास नाही का, म्हणाल्या. मावशी म्हणे, "इस्वास हाय म्हणून तर दाकवा. ज्याची चोरी असंल तो लपवील."

आठ वर्षांनी, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मी रत्नागिरीत मुख्यालयात होतो. मुलगी लग्न होऊन आखातात गेली होती. तांडेलाचा मुलगा दर ईदला मला फोन करायचाच. तो सुट्टीवर आलाय नि पुढच्या आठवड्यात परत निघालाय असं कळलं, तेव्हा बायकोनं लेकीसाठी पार्सल तयार केलं. जुन्या चादरीच्या पिशवीत भरून, टाके घालून माझ्या हातात दिलं. मी एसटीनं हर्णेला गेलो.

मावशी थकली होती, पण ओटी तीच, ढीग तोच. तांडेलाचा मुलगा शेजारीच बसला होता. चहा झाला, विचारपूस झाली. मी पार्सल पुढे केलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि कात्री मागवली.

"अहो मावशी, हे माझं आहे!" मी म्हणालो.

"शिवलेला चालत न्हाय, सायब."

"मी पोलीस आहे."

"मशीनीला ठावं हाय?" तिनं कात्री चालवली. "काय हाय भितरी? बोला."

मी जबाब द्यायला सरसावून बसलो. "भाजणीचं पीठ. गोडा मसाला. मेतकूट. बाकी काही नाही."

भाजणी निघाली. मसाला निघाला. मेतकूट निघालं. मग तिनं तळाशी हात घातला आणि मऊ फडक्यातली एक पुरचुंडी काढली. ओटीवर सोडली. हिरवा खण, हळदकुंकवाच्या पुड्या, सुपारी, आणि कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी बांगड्यांकडे पाहत होतो. दिवस राहिलेल्या लेकीची आई तिसऱ्या महिन्यात कुणाला न सांगता अशी ओटी भरते, तिला चोरओटी म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण ती माझ्याच घरातून, माझ्याच हातानं निघाली होती.

"सायब," ती हळूच म्हणाली, "आजा व्हनार तुमी. घरात बोलला न्हाय कोन?"

मी नकारार्थी मान हलवली. तांडेलाच्या मुलानं पुढे होऊन प्रत्येक वस्तू हातात घेतली, बघितली, परत ठेवली. नियम म्हणजे नियम. बांगड्या मात्र त्यानं आपल्या रुमालात गुंडाळून मधोमध ठेवल्या, फुटू नयेत म्हणून. मावशीनं सुई उचलली. दुहेरी वेढा, वितळवलेलं टोक, बारीक मणी. मी शेवटच्या गाठीपर्यंत तिथंच बसून राहिलो.

"काउंटरवर इचारलं तर काय सांगू, साब?" त्यानं विचारलं.

"खरं सांग," मी म्हणालो. "सांग, एका पोलिसानं दिलंय, आणि आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं."